इम्प्लांट बसवल्यावर आई पूर्वीसारखी जेवेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी उरलेसुरले दात काढून वर-खाली पूर्ण कवळी बसवली. वरची ठीक आहे, खालची नुसतं बोलतानाही उचलली जाते. आई आता कुणासोबत जेवायला बसत नाही, मऊ आणि पातळ तेवढंच खाते, आणि वजन सहा किलोंनी उतरलंय. एका डॉक्टरांनी खाली दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवायला सुचवलं, दुसऱ्यांनी सहा इम्प्लांट आणि त्यांवर पक्के, म्हणजे काढता न येणारे दात. या सगळ्यानंतर तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय, ‘एवढं करून ती पूर्वीसारखी जेवेल का?’

गेली २२ वर्षं मी कवळ्या आणि इम्प्लांटवरचे दात बसवण्याचंच काम करते, आणि जवळजवळ रोज कुणीतरी मला हे विचारतं. माझं उत्तर ऐकणाऱ्याला सहसा अर्धवट वाटतं: अगदी पूर्वीसारखी नाही, पण आत्तापेक्षा पुष्कळ बरी. किती बरी, ते इम्प्लांट दोन की सहा यावर ठरतं त्याहून जास्त आईनं खाणं नेमकं कशामुळे सोडलंय यावर ठरतं. म्हणून इम्प्लांटच्या आकड्याकडे मी जरा उशिरा येते.

आधी वजनाचं बघू. सहा किलो सरळ कवळीच्या नावावर टाकू नका. चावता येत नाही म्हणून माणूस खंगतो हे खरं आहे, पण मऊ खाण्यावर आलेली माणसं कित्येकदा उलट जाड होतात, कारण मऊ पदार्थांत पीठ, साखर आणि स्निग्ध जास्त असतं. वजन उतरण्यामागे मधुमेह, थायरॉइड, गिळण्याचा त्रास, नैराश्य किंवा एखादं नवीन औषधही असू शकतं. दातांच्या खुर्चीत बसण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडून हे तपासून घ्या. जाताना औषधांची पूर्ण यादी न्या. रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी, लघवीच्या तक्रारी यांवरच्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं. कवळी हिरडीला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे, आणि घासाचा गोळा होतो तोही लाळेमुळेच. तोंड कोरडं असेल तर कवळी टोचते, घास तोंडात पसरतो, गिळताना अडकतो. सोळा इम्प्लांट बसवले तरी त्यातून एक थेंब लाळ येत नाही.

आता खालची कवळी. ती हलते यात आईचा दोष नाही, आणि बहुतेकदा बनवणाऱ्याचाही नाही. वरच्या कवळीला टाळूचा सगळा भाग मिळतो. ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी ती चिकटते. खालच्या कवळीच्या वाट्याला घोड्याच्या नालेसारखा एक अरुंद पट्टा येतो, वरच्याच्या जेमतेम निम्म्या क्षेत्रफळाचा, आणि मधोमध असते जीभ, जी गप्प बसत नाही. त्यात हाड झिजतं. मूळ हाडात असतं तोवर त्या हाडाला काम असतं. दात गेला की शरीर ते हाड हळूहळू मोडीत काढतं. दात काढल्यावर पहिल्याच वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं कमी होऊ शकते. पुढे वेग मंदावतो पण थांबत नाही, आणि लांबचा हिशोब केला तर खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. दोन वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आज आईच्या तोंडात नीट बसत नाही, कारण ज्या जबड्याचं माप घेतलं होतं तो जबडाच आता तसा राहिलेला नाही.

म्हणून दोन्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: सध्याची खालची कवळी आतून नव्यानं भरून, म्हणजे रिलाइन करून, किंवा नवीन करून पाहिली का? माझ्याकडे इम्प्लांटसाठी म्हणून आलेली काही माणसं एवढ्यावरच समाधानानं परत गेली आहेत. सगळी नाही, हाड फारच बसलेलं असेल तर उत्तम कवळीही तरंगतेच. पण ही पायरी गाळू नये असं मला वाटतं, आणि त्याला खर्च हे एकच कारण नाही. इम्प्लांटवर अडकवलेली कवळी शेवटी कवळीच असते. तिची उंची चुकली असेल, दात एकमेकांवर नीट मिटत नसतील, तर इम्प्लांटनं ती सुधारत नाही. आधी सैल चुकीची होती, आता घट्ट चुकीची होते.

इम्प्लांट नेमकं काय करतं तेही सांगते, कारण अपेक्षा तिथेच बिघडतात. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी उपकरणं नंतर काढायला गेले तर ती निघेनात. हाडानं त्यांना धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्यांचे दात त्याच आधारावर होते. एका माणसावरून सगळ्यांचा अंदाज बांधू नये हे खरंच. सर्वसाधारणपणे दहा वर्षांनी १०० पैकी ९० ते ९५ इम्प्लांट जागेवर असतात. मात्र इम्प्लांट जागेवर असणं आणि त्रास नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे पुढे येते.

पूर्ण कवळीवर चावणाऱ्याचा जोर स्वतःचे दात असणाऱ्याच्या साधारण चौथ्या किंवा पाचव्या हिश्शाइतका असतो. इम्प्लांटमुळे हा जोर बराचसा परत मिळतो. जाणीव मात्र तितकी परत येत नाही. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची एक गादी असते, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची, आणि ती संवेदनांच्या टोकांनी भरलेली असते. घासात बारीकसा खडा आला की जबडा विचार करायच्या आत थांबतो, तो हिच्यामुळे. स्वतःच्या दातांमध्ये साधारण २० मायक्रॉन जाडीची पट्टी धरली तरी माणसाला कळते. इम्प्लांट आणि समोरचा दात यांच्यामध्ये ती ५० च्या आसपास असावी लागते, आणि कवळीवर कवळी असेल तर त्याहूनही बरीच जाड. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अंदाज येईल. इम्प्लांटभोवती गादी नसते. दाब हाडातून कळतो, जरा उशिरा आणि जरा बोथट. स्वतःचे दात असलेला माणूस एक दाढ गेल्यावर इम्प्लांट करतो तेव्हा ‘लाकूड चावल्यासारखं वाटतं’ म्हणतो, आणि तुमच्या आईसारखी कवळीवरून आलेली व्यक्ती तेच इम्प्लांट बसल्यावर ‘आता समजतंय काय चावतेय ते’ म्हणते. दोघांचंही खरं असतं.

चवीबद्दलही एक गैरसमज दिसतो. चव कळते मुख्यतः जिभेवर. दात बदलले म्हणून जीभ बदलत नाही. नीट चावलं की घास फुटतो, त्यातला रस आणि वास मोकळा होतो, म्हणून जेवण चवदार लागतं एवढंच. वरच्या कवळीनं टाळू झाकलेला असतो, त्यामुळे घासाचा पोत आणि गरम-गार कमी कळतं. खालच्या इम्प्लांटनं त्यात काही फरक पडणार नाही. आईची मुख्य तक्रार ‘कशालाच चव लागत नाही’ अशी असेल तर हे आधी समजून घ्या, नाहीतर शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही ती निराश होईल.

सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक सांगते. एका गृहस्थांना खालच्या जबड्यात पक्के दात बसवले होते. काम देखणं झालं होतं, एक्स-रे उत्तम, मी खूश. वर्षभरानं तपासणीला आले तेव्हा सहज विचारलं, काय काय खाता? त्यांनी यादी सांगितली आणि ती हुबेहूब त्यांच्या कवळीच्या दिवसांतली होती. सगळं शिजवून मऊ केलेलं, बरंचसं कालवलेलं. बारा वर्षं तसं खात होते, घरी त्यांचं वेगळं शिजत होतं, ते तसंच चालू राहिलं. अक्रोड फोडता येईल असा जबडा मी त्यांना दिला होता, आणि ते त्यानं लापशी खात होते. त्यांना खायला कसं लागायचं ते मी सांगितलंच नव्हतं, कारण ते आपोआप होईल असं मी धरून चालले होते. अभ्यासांतही साधारण हेच दिसतं. इम्प्लांटनं चावण्याची ताकद वाढते, माणसं समाधानी असतात, पण आहारातलं पोषण तेवढ्यानं आपोआप सुधारत नाही. आहाराचं मार्गदर्शन जोडीला दिलं तर फरक पडतो. तेव्हापासून काम सुरू करण्याआधीच मी लिहून घेते: तुम्ही कोणते पाच पदार्थ सोडले, आणि प्रत्येक का सोडला? दुखतं म्हणून, कवळीखाली कण जातात म्हणून, वेळ लागतो म्हणून, की लोक बघतात म्हणून? या ‘का’ मधून पुढचा निर्णय निम्मा होऊन जातो.

आता दोन की सहा. पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं मत कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडलं होतं. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. हनुवटीच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट, त्यांवर बटणासारखी टोकं, आणि कवळीच्या आत त्यांना धरणाऱ्या खोबण्या. कवळी ‘टक्’ करून बसते. हसताना, बोलताना, शिंकताना उठत नाही. तुमच्या वर्णनावरून आईला सगळ्यात जास्त गरज याचीच आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही ऐका. मागच्या बाजूला कवळी अजून हिरडीवरच टेकलेली असते, त्यामुळे दाढांच्या जागी जोरात चावलं की दाब हिरडीवर येतो. बिया, बारीक दाणे खाली शिरतात, कमी पण शिरतात. पुढच्या दातांनी कडक काही तोडायला गेलं तर मागची बाजू उचलली जाऊ शकते. आतल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी कड्या झिजतात आणि दर वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात; हा बिघाड नव्हे, टायरसारखी झीज आहे. रात्री कवळी काढून ठेवायची असते. ‘दात काढून ठेवावे लागतात’ याचंच कुणाला मनातून दुःख असेल तर ही कवळी कितीही घट्ट बसली तरी ते दुःख जात नाही.

पक्क्या दातांचं सुख निराळं आहे. काढा-घाला नाही, हिरडीवर दाब नाही, खाली कवळीचा भार नाही, आणि चावताना स्वतःच्या दातांच्या बरंच जवळ जाता येतं. त्यासाठी सहाच इम्प्लांट हवेत असं काही नाही. हाड चांगलं असेल तर खालच्या जबड्यात चारवरही पक्के दात नीट चालतात. तेव्हा सहा सांगणाऱ्या डॉक्टरांना कारण विचारा, योग्य कारण असू शकतं. पण मला दोन गोष्टींची काळजी वाटते.

पहिली वरच्या कवळीची. तुम्ही लिहिलंय की वरची ठीक बसते. आज ठीक बसते, कारण खालून तिच्यावर जोरच येत नाही. खाली पक्के, दणकट दात आले की ते वरच्या कवळीला ढकलतात, विशेषतः चावा पुढच्या बाजूला जास्त पडत असेल तर. मग काही महिन्यांनी माणूस येऊन सांगतो, खालचं छान झालं पण आता वरची पडायला लागली. वरच्या पुढच्या भागातलं हाडही त्यानं लवकर झिजू शकतं. दोन इम्प्लांटवरच्या कवळीतही हे थोड्याफार प्रमाणात घडतं, पण पक्क्या दातांत मला ते जास्त दिसलंय. म्हणून खालचं काही करताना वरच्या कवळीचाही विचार त्याच बैठकीत व्हायला हवा. वर नवीन कवळी लागेल का, हे आधीच विचारून घ्या.

दुसरी काळजी सफाईची. पक्क्या दातांच्या खालून रोज जाडसर दोरा किंवा बारीक ब्रश घालून साफ करावं लागतं. ६८ व्या वर्षी आई ते करेल. ८० व्या वर्षी बोटं थरथरत असतील, नजर कमी झाली असेल, विसरभोळेपणा आला असेल, तेव्हा कोण करणार? काढता येणारी कवळी दुसऱ्या कुणालाही धुता येते. दुसऱ्याच्या तोंडातल्या पक्क्या दातांखाली दोरा घालून बघा, मग कळेल मी काय म्हणतेय ते. बरेच कुटुंबीय यावर गप्प होतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण मी विचारतेच.

इथपर्यंतचा माझा कल सांगून टाकते: आधी अंगाची तपासणी, मग खालची कवळी नव्यानं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दोन इम्प्लांट. ते अशा जागी बसवायला सांगा की पुढे गरज पडली तर आणखी दोनांना जागा राहील. सहाकडे मी तेव्हाच जाईन जेव्हा काढता येणारे दात नकोतच, असं आई स्वतःहून म्हणेल. तुम्ही नव्हे, आई.

काही परिस्थितीत हा कल बदलतो. वय हा अडथळा नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसांतही इम्प्लांट चांगले धरतात. मधुमेह असेल तर साखर किती काळ आटोक्यात आहे हे महत्त्वाचं, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी हाताशी हवी. तंबाखू ओढणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आई काही गोळ्या किंवा वर्षा-सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत असेल तर ते न विसरता सांगा. त्यांतल्या काही औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. तो सहसा थोडा असतो, पण कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत दिलेल्या औषधात बराच जास्त. जबड्याच्या भागात पूर्वी किरणोपचार झाले असतील तर गणित पूर्ण वेगळं. आणि रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती बंद केल्यानं जो धोका येतो तो हिरडीतून थोडं रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

समजा दोन इम्प्लांट ठरले. मग मधले महिने कसे जातात, ते आईला आधी सांगा. बहुतेकांना शस्त्रक्रिया दात काढण्यापेक्षा सोपी वाटते. दोन-तीन दिवस सूज, आठवडाभर थंड किंवा कोमट, मऊ खाणं. जुनी कवळी काही दिवस घालायची नाही, आणि नंतर आतून कोरून मऊ अस्तर लावून द्यायची. म्हणजे सुरुवातीला आईचं जेवण आत्तापेक्षाही वाईट होणार आहे. आधीच सहा किलो गेलेल्या माणसाच्या बाबतीत मी हे हलक्यात घेत नाही. या काळासाठी अंडी, दही, मऊ शिजवलेला मासा, डाळींचं सूप असं प्रथिनं असलेलं मऊ खाणं आधीच ठरवून ठेवा, आणि दर आठवड्याला वजन करा.

खालच्या जबड्यात हाड धरायला सहसा दोन ते तीन महिने लागतात. यात एक फसवी वेळ असते. बसवताना स्क्रू हाडात घट्ट आवळलेला असतो. मग शरीर त्याच्याभोवतीचं जुनं हाड थोडं काढून नवीन घालतं, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात, आणि माणसाला वाटतं झालं, आता खाऊन बघू. त्याच दिवशी पक्के दात बसवून देण्याची पद्धत आहे आणि योग्य रुग्णात ती चालते, पण तेही दात तात्पुरते असतात आणि पथ्य तेच असतं. जाहिरातीत ‘एका दिवसात दात’ लिहिलेलं असतं, त्यापुढचे तीन महिने लिहिलेले नसतात.

कवळी अडकली की जेवणाचा सराव सुरू. आईनं दोन वर्षांत एक कौशल्य कमावलंय, जे आता तिच्या आड येणार आहे. सैल कवळीवाली माणसं जिभेनं कवळी दाबून धरतात आणि घास पुढच्या पुढे, अगदी कमी चावून गिळतात. इम्प्लांटनंतरही जीभ कवळीचा पहारा सोडत नाही. मी पहिले दोन आठवडे छोटा घास घ्यायला सांगते, तो दोन भाग करून दोन्ही बाजूंना ठेवून एकाच वेळी चावायचा. एका बाजूनंच चावलं तर कवळी तिरकी दाबली जाते. आधी सहज चिरडता येणारं, मग शिजवलेल्या भाज्या, मग ब्रेड आणि नरम मांस, आणि साधारण महिन्या-दीड महिन्यानं सफरचंदाच्या पातळ फोडी. अख्खं सफरचंद पुढच्या दातांनी तोडायचं स्वप्न या कवळीत नको. कडक दाणे, बर्फ, हाडं यांच्या वाटेला मी पक्के दातवाल्यांनाही जाऊ देत नाही, कारण वाचवायला मुळाभोवतीची ती तंतूंची गादी नाही. जोराचा अंदाज येईपर्यंत काहीतरी तुटलेलं असतं. आणि सरावाची सुरुवात एकटीनं करू द्या. पहिलंच जेवण पाहुण्यांच्या पंगतीत नको.

आता तुम्ही थेट विचारलं नाहीये पण ओळींमधून दिसतंय ते. आई कुणासोबत जेवत नाही, हे मला सहा किलोंइतकंच खुपलं. कवळीवाल्या माणसाचं निम्मं लक्ष कायम तोंडात असतं. हसताना हात वर जातो. बोलताना काही अक्षरं टाळली जातात. घरातून निघताना पिशवीत चिकटवायच्या पेस्टची ट्यूब आधी जाते. जेवताना गप्पा मारता येत नाहीत, कारण घास, जीभ, कवळी आणि वाक्य एकाच वेळी सांभाळायचं असतं. म्हणून माणूस आधी गप्पा सोडतो, मग पंगत सोडतो, मग ‘मला भूकच नसते’ म्हणायला लागतो. घट्ट बसलेली कवळी पहिल्यांदा हे लक्ष मोकळं करते. माझ्याकडची माणसं सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा ‘आता गाजर खाता येतं’ असं फार थोडी सांगतात. बहुतेकजण सांगतात की दातांची आठवणच येत नाही. एक आजी म्हणाल्या होत्या, ‘आता भांडता येतं नीट.’ माझ्या मते तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला निकाल होता.

पण आई दात जायच्या आधीपासूनच माणसांतून मागे सरली असेल, एखाद्या दुःखानंतर, कानांनी कमी ऐकू येतं म्हणून, तर इम्प्लांटकडून ते बरं व्हायची वाट बघू नका. तुम्ही तारखा मनाशी लावून बघा: एकत्र जेवणं नेमकं कधी बंद झालं? कवळी आल्यावर की त्याआधी?

देखभालीबद्दल थोडक्यात, पण यात सूट नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. भोवतालची हिरडी आणि हाड मात्र सुजून झिजू शकतं, आणि ही बाब दुर्मीळ नाही. इम्प्लांट असलेल्या साधारण पाचातल्या एका माणसात पुढेमागे हाडाला लागलेली अशी सूज आढळते. तिचा त्रास हा की ती दुखत नाही. दातात नस असते, ठणका लागतो, माणूस धावत येतो. इम्प्लांट मुकाट्यानं सैल होतो. हिरडीतून रक्त, पू, वास, किंवा ‘टक्’ असा आवाज पूर्वीसारखा न येणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. रोज दोनदा त्या बटणांभोवती मऊ ब्रश, कवळी रात्री काढून धुणं, आणि सुरुवातीला दर सहा महिन्यांनी तपासणी. काम पूर्ण झालं की इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, कोणत्या आकाराचा, कोणत्या तारखेला बसवला, हे लिहून मागून घ्या आणि घरात जपून ठेवा. दहा वर्षांनी कडी बदलायला भलत्याच दवाखान्यात जावं लागलं तर त्या कागदावाचून मोठी पंचाईत होते. मी अशा कितीतरी इम्प्लांटचे एक्स-रे डोळ्यांना लावून, हे कुणाचं असेल, असे अंदाज बांधत बसले आहे.

पुढच्या भेटीला जाण्याआधी आईला एकटीला गाठून विचारा: सोडलेल्या पदार्थांतला एकच परत मिळणार असेल तर कोणता हवा, आणि तो कुणासोबत बसून खायला आवडेल? ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून न्या आणि दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. त्यावर जे डॉक्टर आकड्याआधी आईचं तोंड आणि वरची कवळी पुन्हा तपासायला लागतील, त्यांच्याकडे काम करा.